मागचा पांढरा दिवा : मारुती ८००च्या दुरुस्तीच्या नोंदी

४ जानेवारी, शनिवार

दिवाळीपासून गाडीचे रिव्हर्सचे दोन्ही दिवे बंद आहेत आणि दिवाळीपासून मी ‘बघू’ म्हणतोय. आज सकाळी मात्र बघायची वेळ आली.

आमचं घर ग्वाल्हेरात, लष्कर नावाच्या भागातल्या एका जुन्या गोठीत. सरदारांचे तळ जिथे पडले त्या जागांना इथे अजून गोठ म्हणतात. बोळ घोडा आणि पालखी जाईल एवढाच. गाडी आत नेता येते, वळवता येत नाही. त्यामुळे रोज सकाळी साठ-सत्तर पावलं मागे घेत रस्त्याला लागायचं. जानेवारीत त्यावर धुकं. आज दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं.

काच खाली होती म्हणून वाचलो. दुधाची किटली खडखडली आणि मी ब्रेक दाबला. समोरच्या वाड्यातल्या आजी डिक्कीपासून दोन हातांवर उभ्या होत्या. मी हळूहळू, ब्रेकवर पाय ठेवूनच मागे येत होतो, त्यामुळे त्यांना लाल दिवे दिसत होते. गाडी थांबलीय असं समजून त्या मागून ओलांडायला निघाल्या.

“अरे, लाल दिवा म्हणजे थांबलास ना? तू मागे येतोयस हे मला कळावं कसं?”

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. लाल दिवा ‘थांबतोय’ एवढंच सांगतो. ‘मागे येतोय’ हे सांगायला पांढराच लागतो, आणि तो चालकापेक्षा मागच्या माणसासाठी जास्त असतो. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. आमची गाडी १९९७ची, कार्ब्युरेटरची, चार गिअरची. तिच्याकडे तेवढी एकच भाषा आहे आणि तीही दोन-अडीच महिने बंद.

ठरवलं : दिवे लागेपर्यंत गाडी बोळाबाहेर काढायची नाही. ऑफिसला स्कूटर.

५ जानेवारी, रविवार

कामाला लागण्याआधी वहीत विजेचा रस्ता काढला. बॅटरी, तिथून चावी, चावीतून फ्यूज, फ्यूजमधून गिअरबॉक्सवरचा रिव्हर्सचा स्विच, तिथून एक तार मागे, मागे दोन फाटे, दोन बल्ब, आणि बल्बातून गाडीच्या पत्र्यावाटे परत बॅटरीच्या निगेटिव्हला. स्विच साधा असतो : रिव्हर्स टाकला की गिअरबॉक्समधला दांडा सरकतो, स्विचची कळ दाबली जाते आणि आतले दोन संपर्क जुळतात. एवढ्याच रस्त्यात कुठेतरी खोट आहे.

बाबा शाल गुंडाळून स्टूल घेऊन बसले. ही गाडी त्यांनी मेळ्यातून घेतली होती. ग्वाल्हेरचा व्यापार मेळा १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केला, आणि वाहनांच्या करात सवलत जाहीर झाली की मेळ्याच्या दिवसांत गाडी घ्यायची, ही इथली रीत. गाडी आणली त्या दिवशी आईने बोळाच्या तोंडाशी ओवाळली होती, कारण आत आणताना बाबांना भीती वाटत होती. हे त्यांनी आज पुन्हा सांगितलं आणि मीही पुन्हा ऐकलं.

फ्यूज शाबूत. तरी काढून त्याची पाती पॉलिश पेपरने घासली. बल्ब दोन्ही काढले. उजव्याची तार तुटलेली, काच काळी. डावा दिसायला ठीक, पण बैठकीला हिरवट थर. पितळेच्या भांड्याची कल्हई गेली की ते कळकतं, तसा. दोन नवे बल्ब आणले : १२ व्होल्ट, २१ वॅट, एका संपर्काचे. दुकानात पोराने आधी २१/५ काढून दिले होते. ते दोन तारांचे, ब्रेक आणि पार्किंग एकत्र असलेल्या जागेचे. त्यांच्या बाजूच्या दोन खुंट्या वरखाली असतात, या होल्डरात बसत नाहीत. जुना बल्ब खिशात घालून नेणं बरं.

नवे बल्ब घातले. चावी ऑन, रिव्हर्स टाकला. दोन्हीकडे काळोख.

७ जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी दीड तास मिळाला. पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घेतली, मागच्या चाकांना विटा लावल्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली डोकं घालायचं नाही, हा बाबांचा नियम, आणि तो मी कधी मोडलेला नाही.

स्विचचा कपलर, म्हणजे त्याच्या तारा जोडायचा सांधा, सापडला. तेल आणि धूळ मिळून त्याचा गोळा झाला होता, तारांचे रंग ओळखू येत नव्हते. पुसून उघडला. चावी ऑन करून मल्टीमीटरचं एक टोक येणाऱ्या तारेला, दुसरं इंजिनच्या धातूला लावलं. १२.४ व्होल्ट.

मला वाटलं, इथपर्यंत वीज ठणठणीत येतेय. मग कपलरमधली दोन टोकं एका तुकड्याने थेट जोडली, म्हणजे स्विचला वगळलं. तरी दिवे नाहीत. वहीत लिहिलं : “पुरवठा बरोबर. स्विचचा प्रश्न नाही. मागे जाणारी तार तुटली आहे.”

तीन वाक्यांतलं एकही खरं नव्हतं, पण ते कळायला शनिवार उजाडला. चूक झाकायची नाही म्हणून ओळी तशाच ठेवल्यात.

११ जानेवारी, शनिवार

सकाळभर गाडीचं अंग उघडं केलं. पुढची सीट, दाराच्या पट्ट्या, गालिचा, डिक्कीचा पुठ्ठा. मागे जाणारी तार पुढून मागेपर्यंत बोटाने चाचपली. मीटर कंटिन्युइटीवर ठेवला, टोकाला टोक लावलं, बीप वाजला. तार अखंड! फाट्याच्या जोडापाशीही बीप. दुपारी दोनपर्यंत माझ्याकडे १२.४ व्होल्ट होते, अखंड तार होती, दोन नवे बल्ब होते, आणि उजेड नव्हता.

एक बारीक गोष्ट लिहून ठेवतो : डिक्कीत डाव्या कोपऱ्यातला नमदा, म्हणजे खाली अंथरलेलं जाड अस्तर, दमट लागला. पावसाळा सरून तीन महिने झाले. उन्हात टाकला.

संध्याकाळी कपलरचा फोटो घेऊन बाबांच्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांना सगळे उस्तादच म्हणतात. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “बल्ब लगा के देखा?” मी म्हटलं, मीटरने पाहिलं, बारा पूर्णांक चार आहेत. ते म्हणाले, “मीटर तो सिर्फ सूँघता है, भैया. खाना बल्ब खाता है.”

त्यांनी एका जुन्या होल्डरला दोन लांब तारा आणि चिमटे लावून, आत २१ वॅटचा बल्ब घालून मला दिला. पैसे घेतले नाहीत, म्हणाले, परत आणून द्या.

घरी येऊन रात्री नऊला टॉर्चच्या उजेडात लावला. एक चिमटा इंजिनला, दुसरा त्याच येणाऱ्या तारेला. बल्ब पेटला नाही. बल्ब लावलेला असतानाच मीटरही लावला : ०.१ व्होल्ट. चिमटा काढला की पुन्हा १२.४. पाच-सहा वेळा केलं, कारण डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता.

आता नीट समजलं ते लिहितो. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो. म्हणजे १२ व्होल्टला तो जेमतेम सव्वा मायक्रोअँपिअर घेतो. एवढी वीज कळकलेल्या जोडातूनही सहज जाते, तारेचा एकच केस शिल्लक असला तरी जाते. २१ वॅटच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, दोघांना साडेतीन. ते मागितले की सगळा दाब त्या खराब जोडावरच खर्च होतो आणि बल्बापर्यंत काही उरत नाही. मीटर खोटं बोलला नव्हता. मी त्याला जे विचारलं त्याचं उत्तर त्याने दिलं होतं, माझा प्रश्नच अपुरा होता. कंटिन्युइटीच्या बीपचंही तेच : बीपला एक धागा पुरतो, दिव्याला अख्खी तार लागते.

१२ जानेवारी, रविवार

खोट स्विचच्या आधीच्या रस्त्यात आहे हे पक्कं झालं. उस्तादांचा बल्ब घेऊन फ्यूजबॉक्सपासून निघालो. फ्यूजच्या बाहेरच्या पातीवर बल्ब लख्ख. तिथून वीतभर खाली, डॅशबोर्डच्या आत, काळ्या टेपचं एक गाठोडं हाताला लागलं. टेपचा गोंद वितळून चिकट झालेला.

टेप सोडवली. कधीकाळी गाडीत कॅसेट प्लेअर बसवला होता, त्याला चावीवरची वीज इथून घेतलेली. मूळ तार कापून तिन्ही टोकं नुसती पिळली होती. ना डाख, ना थिंबल (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी). प्लेअर कधीच गेला, त्याची तार तिथेच कापून सोडलेली, आणि मूळ तारेचा पीळ हिरवा पडून सैल झालेला. बोटाने हलवलं तर भुकटी झाली. ज्याने बसवला त्याचं पाच मिनिटांचं काम त्या दिवशी वाचलं असेल. बाबांना दाखवलं तर ते बराच वेळ त्याकडे बघत राहिले, कारण त्या वेळी ते तिथेच उभे होते.

दोन्हीकडून स्वच्छ, लालसर तांबं लागेपर्यंत तार छाटली. मधे वीतभर नवी तार घातली, १ चौरस मिलिमीटरची, बारीक केसांची गाडीची तार. घरातल्या वायरिंगची एकेरी जाड तार इथे चालत नाही, कंपाने ती मोडते. डाख द्यायचा मोह झाला, पण हलत्या गाडीत डाख जिथे संपतो तिथेच तार कडक होऊन तुटते, म्हणून दाबायचे जोड वापरले, योग्य पकडीने दाबले, ओढून पाहिले आणि वरून गोंदवाली आकसणारी स्लीव्ह चढवली. कॅसेट प्लेअरचं शेपूट मुळापासून काढून टाकलं.

स्विचच्या कपलरवर उस्तादांचा बल्ब लख्ख. लागलेल्या बल्बासकट ११.८ व्होल्ट.

कपलर थेट जोडला. उजवा दिवा असा पेटला की मागच्या भिंतीवर आजींच्या तुळशीची सावली पडली. डावा मात्र पिवळसर, आजारी. होल्डर साफ केलेला नसेल नीट, असं म्हणून तिथेच थांबलो. चावी सारखी ऑन ठेवायचीही नव्हती. इंजिन बंद असताना जुन्या गाडीत तेवढ्याने बॅटरी उतरते आणि इग्निशन कॉइलही तापते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम नाही. आजींकडे तिळगूळ द्यायला गेलो, त्यांनी मुरैन्याची गजक हातावर ठेवली आणि विचारलं, “लागला का दिवा?” म्हटलं, एक लागला, एक राहिलाय. “मग अर्धं कळेल मला,” म्हणाल्या आणि हसल्या.

१८ जानेवारी, शनिवार

स्विच. कपलर जोडून रिव्हर्स टाकला तर उजवा दिवा रविवारच्या मानाने उतरलेला. या वेळी आधी बल्ब, मग मीटर : उजळता दिवा ठेवून स्विचच्या दोन टोकांमध्ये मोजलं तर १.३ व्होल्ट. चांगल्या स्विचवर ०.२च्या आतच पडायला हवेत. स्विच बदलला. जुना फिरवून काढताना थोडं गिअर ऑइल येतं, खाली ताटली ठेवली होती. वॉशर नवा घातला, नाहीतर तिथून तेल झिरपत राहतं. स्विचजवळची हातभर तार उष्णतेने आणि तेलाने कडक होऊन तडकली होती, तीही बदलली. सांडलेलं ऑइल मोजून तेवढं वर भरलं. दोन तास.

१९ जानेवारी, रविवार

आजचा दिवस डाव्या दिव्याचा. मला सगळ्यात जास्त यानेच शिकवलं.

नवा बल्ब, घासलेला होल्डर, तरी पिवळसरच. बाबा पहाटे अंधारातच मागे स्टुलावर बसले होते. म्हणाले, “रिव्हर्स टाक. आता काढ. पुन्हा टाक.” मग म्हणाले, “तू ब्रेक दाबलेला नाहीस ना? मग दोन्ही लाल दिव्यांत आत केशरी धागा कसा दिसतोय?”

उतरून पाहिलं. खरंच. ब्रेकच्या दोन्ही बल्बांतल्या तारा निखाऱ्यासारख्या, जेमतेम. उजेडी दिसलंच नसतं. मग मी ब्रेक दाबला, तर डावा पांढरा दिवा जवळपास विझला. पुढे उभी असलेली आई म्हणाली, “अरे, इकडचा इंडिकेटर मिणमिणतोय.” पुढचा डावा!

आधी घाबरलो, वाटलं सगळी वायरिंग एकमेकांत मिसळलीय. वही काढून आकृती पुन्हा काढली तेव्हा उलगडलं. मागच्या डाव्या जुडग्यात रिव्हर्स, ब्रेक, इंडिकेटर, पार्किंग असे सगळे बल्ब आहेत आणि सगळ्यांची परतीची वाट एकच, पत्र्याला लावलेली अर्थची तार. ती वाट बंद झाली तर वीज थांबत नाही, दुसऱ्यांच्या दारातून बाहेर पडते. रिव्हर्सच्या बल्बातून आलेली वीज डाव्या ब्रेक बल्बात उलटी शिरते, ब्रेकच्या तारेने उजव्या ब्रेक बल्बाकडे जाते आणि तिथल्या चांगल्या अर्थमधून उतरते. तशीच डाव्या इंडिकेटरमधून पुढच्या इंडिकेटरकडे. म्हणून ते सगळे थोडे थोडे पेटतात आणि रिव्हर्सच्या दिव्याला त्याचे पूर्ण १२ व्होल्ट मिळत नाहीत. ब्रेक दाबला की ब्रेकच्या तारेतच १२ व्होल्ट येतात, ते दार बंद होतं, आणि उरलेली सगळी वीज इंडिकेटरच्या वाटेला लागते.

हे समजल्यावर वाईटही वाटलं. बोळातून मागे येताना माझा पाय कायम ब्रेकवर असतो. म्हणजे अगदी हव्या त्या क्षणी डावा पांढरा दिवा विझणार होता. मी तो घरात उभा राहून ‘थोडा मंद आहे’ म्हणून सोडून दिला असता.

पुरावा : रिव्हर्स टाकून डाव्या होल्डरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजलं. तिथे शून्याच्या आसपास हवं. आले ४.३ व्होल्ट.

जुडगा बाहेर काढला, अर्थची तार धरून आत गेलो. थिंबल पत्र्याला स्क्रूने लावलेली, स्क्रूभोवती तपकिरी पापुद्रा. पाना लावताच स्क्रूचं डोकंच हातात आलं. बाकीचा ड्रिलने काढला, पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, नवी थिंबल, दातेरी वॉशर, नवा स्क्रू, आणि घट्ट केल्यावर वरून व्हॅसलिनचा जाड थर. आधी व्हॅसलिन नाही, आधी धातूला धातू भिडला पाहिजे.

पुन्हा मोजलं. ४.३ च्या जागी ०.०५. डावा आणि उजवा सारखे पांढरे. ब्रेक दाबला, कुणी हललं नाही. बाबा स्टुलावरून उठले आणि दोन्ही दिव्यांसमोर तळहात धरून पाहिला.

२१ जानेवारी, मंगळवार

शेवटची मोजणी, इंजिन बंद, चावी ऑन, दोन्ही दिवे लागलेले : बॅटरीवर १२.३, उजव्या बल्बावर ११.६, डाव्यावर ११.५. इंजिन चालू असताना डाव्यावर १३.१. अशा बल्बाचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो, व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर उजेड सुमारे तीस टक्के जातो. म्हणून एकेका जोडावरचा अर्धा-पाऊण व्होल्टही मी सोडला नाही.

उस्तादांचा बल्ब परत दिला. त्याच्यासारखा एक स्वतःसाठी बनवून घेतलाय, तो आता मीटरच्याच पिशवीत राहील.

२५ जानेवारी, शनिवार

पुन्हा दाट धुकं. आज गाडी बाहेर काढली. मागे घेताना दोन्ही बाजूंच्या भिंती पांढऱ्या दिसत होत्या. अर्ध्या बोळात आजी आपल्या ओट्यावरच किटली घेऊन उभ्या राहिल्या आणि मी जवळून जाताना हाताने ‘जा, जा’ केलं.

एक काम राहिलं होतं, तो दमट नमदा. थिंबल गंजली ती पाण्याने, आणि पाणी कुठून येतं ते पाहिल्याशिवाय ही दुरुस्ती टिकणार नाही. दुपारी डाव्या दिव्याच्या काचेमागचं रबर काढलं, ते खालच्या कोपऱ्यात चिरलेलं होतं. गाडी धुताना तिथून पाणी आत उतरायचं. नवं रबर बसवलं. मग बाबांनी बाहेरून दिव्यावर दोन बादल्या पाणी ओतलं आणि मी डिक्कीत टॉर्च घेऊन बसलो. थिंबल कोरडी. नमदा आणखी आठवडाभर बाहेरच ठेवतो आणि पुढच्या शनिवारी गाडी धुऊन झाली की पुन्हा हात लावून बघतो.